तेलाचं वय विचारणारे सर

रस्त्यात ओळखीचं माणूस भेटलं की आमच्या नांदुऱ्यात लोक 'काय मंग, बरं हाय ना?' म्हणतात. आमचे विज्ञानाचे सर म्हणायचे, 'सकाळी काय खाल्लं?' समोरचा नगरसेवक असो, स्टेशनवरचा हमाल असो, नाहीतर रुसून माहेरी निघालेली बाई असो, उत्तर मिळाल्याशिवाय सरांची सायकल हलायची नाही. खोटं बोलायचीही सोय नव्हती. 'भजे' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, 'तेलाचं वय काय होतं?' आता तेलाला वय असतं हेच ज्याला माहीत नाही, त्याने काय सांगावं? निम्मं गाव सर दिसले की गल्ली बदलायचं. उरलेलं निम्मं मुद्दाम थांबायचं, कारण सरांशी दोन मिनिटं बोललं की दिवसभर पुरेल एवढं हसू मिळायचं.

सर मूळचे उंद्रीचे. उंच, काटकुळे, शर्टाच्या वरच्या खिशात पेनाऐवजी कोऱ्या कागदाचे चौकोनी तुकडे. तुम्ही प्रेमाने काही तळलेलं पुढे केलंत की सर आधी 'वा' म्हणायचे, मग तो पदार्थ दोन तुकड्यांमध्ये ठेवून हलकेच दाबायचे, आणि कागद उन्हात धरून पलीकडचं दिसतं का ते बघायचे; जितकं दिसेल तितकं तेल जास्त. माझ्या मैत्रिणीच्या आईने एकदा दिवाळीचा चिवडा दिला तर तोही दाबला. बाई इतक्या चिडल्या की कागद, चिवडा आणि सर तिघांनाही दाराबाहेर काढलं. सरांनी चिवडा ओट्यावर बसून संपवला, आणि कागद चांगला निघाला हे खिडकीतून ओरडून सांगितलं.

म्हणजे बघा, हा माणूस काही खाण्याचा वैरी नव्हता. उलट आमच्या शाळेत खाण्यावर सरांइतकं प्रेम कोणाचंच नसेल. शनिवारी सकाळची शाळा सुटली की सर स्टेशनजवळच्या एका दुकानात जायचे, कारण तिथलं तेल रोज बदललेलं असायचं, आणि एक आलूबोंडा खायचे. एकच. तोही उभं राहून नाही, बाकावर मांडी घालून, डोळे मिटून, कोणी बोलायला आलं तर हातानेच थांबवून. आठ दिवस वाट पाहिलेला बोंडा बोंड्यासारखा लागतो आणि रोजचा बोंडा सवयीसारखा लागतो, हे त्यांचं म्हणणं. लग्नाच्या पंगतीत तर त्यांना बघायला पोरं मुद्दाम समोरच्या ओळीत बसायची. आपल्याकडे भाजीवर बोटभर तर्री तरंगली नाही तर वऱ्हाडी मंडळी आचाऱ्याला नावं ठेवतात. सर ताटाखाली एका बाजूने वाटाणा सरकवायचे, ताट तिरपं करायचे, तर्री एका कडेला निघून जायची आणि सर दुसऱ्या कडेने जेवायचे. शेवटी मात्र बट्टीचा एक तुकडा त्या तर्रीत बुडवून खायचे आणि आचाऱ्याकडे बघून मान हलवायचे. 'त्यानं रात्रभर जीव जाळला, त्याचा मान ठेवला पाह्यजे,' म्हणायचे. आचारी लोक सरांवर खूश असत. यजमान मात्र आमंत्रण द्यावं की नाही याचा विचार करत.

वर्गात सर पुस्तक उघडायचे, पण वाचायचे नाहीत. आम्ही नववीत होतो त्या वर्षी थंडीत त्यांनी वर्गाच्या खिडकीत वाट्या मांडल्या. एकीत तूप, एकीत वनस्पती तूप, एकीत फल्लीचं तेल, म्हणजे शेंगदाण्याचं, एकीत करडीचं आणि एकीत जवसाचं. सकाळी येऊन बघितलं तर तूप आणि वनस्पती दगड झालेले, बाकीची तेलं आपली वाहती. सर म्हणाले, जे गोठतं त्याच्याशी जरा बेतानं दोस्ती करायची. साजूक तूप चमचाभर वरणावर, आनंदाने. वनस्पती शक्यतो बाजारातच राहू द्यायचं. आणि जे वाहतं ते रोजच्या जेवणात, तेही धार धरून नाही, मोजकं. मग त्यांनी एकेकाला उठवून दुसऱ्याच्या छातीला कान लावायला सांगितला. आम्ही मुली मुलींच्या, मुलं मुलांच्या. सगळा वर्ग खिदळत होता.

'ऐकू येऊन राह्यला ना? हा आपला सालदार, सालभर राबनारा गडी हाय,' सर म्हणाले. 'बैलाले निदान पोळ्याले सुट्टी असते. याले ना पोळा, ना रविवार. याच्या वाटेत कचरा टाकाचा का नाई, ते तुमी आत्तापासून ठरवा. पन्नाशीत ठरवाले बसले तर तो ऐकत नाई.'

त्या दिवशी पहिल्यांदा मला माझ्या छातीतल्या त्या आवाजाबद्दल माया वाटली. खरंच सांगते, घरी जाताना मी वेगळ्या चालीने चालले.

त्यानंतर सर जळक्या तेलावर आले. एका खानावळीच्या मागची तुंबलेली नाली दाखवायला आम्हाला रांगेने घेऊन गेले. आपल्या रक्ताच्या नळ्यांत असंच्या असं होत नाही, ती गोष्ट बरीच लांबची आणि गुंतागुंतीची आहे, हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, पण नाकाला रुमाल लावलेल्या पोरांना नालीच तेवढी लक्षात राहिली. तेच ते तेल पुन्हा पुन्हा तापवलं की ते बिघडतं, काळं पडतं, घट्ट होतं, आणि मग ते तेल राहत नाही, हे सर म्हणाले तेव्हा वर्गातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

कारण शाळेच्या फाटकासमोर भज्यांची गाडी होती, आणि ती माझ्या बाबांची होती.

ती गाडी आजोबांनी सुरू केलेली. कढईही त्यांचीच. आमच्या घरात एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. ती कढई कधी रिकामी करायची नाही. संध्याकाळी उरलेलं तेल तसंच झाकून ठेवायचं, सकाळी त्यावर नवं ओतायचं. दह्याला विरजण ठेवतात ना, तसं. आजोबा गेले त्या दिवशीसुद्धा कढईत तेल होतं. बाबा अभिमानाने सांगायचे की आपल्या कढईत बापाच्या हातचा थेंब अजून आहे. आणि त्यामुळेच आमच्या भज्यांना तो लालकाळा रंग यायचा, ज्याच्यासाठी पोरं मधल्या सुट्टीची घंटा व्हायच्या आधीच दप्तरात हात घालून बसायची. सरांनी शाळेत आल्याआल्या एकदा कढईत डोकावून पाहिलं होतं, नमस्कार केला होता आणि पुढे निघून गेले होते. शनिवारचा बोंडा खायला ते आमची गाडी ओलांडून स्टेशनपर्यंत जायचे. बाबांच्या मनात ते तेव्हापासून टोचत होतं.

मला मात्र सरांचं वेड लागलं होतं. चौदाव्या वर्षी एखादी गोष्ट पटली की ती जरा जास्तच पटते. सरांनी जळकं तेल म्हटलं, मी सगळंच तेल सोडलं. तूप सोडलं, साय सोडली, शेंगदाण्याची चटणी सोडली, वरणाला फोडणी घातली तर वरण सोडलं. वर आरशात बघून खूश होत होते की गाल जरा आत गेले. कोरडी भाकर आणि पाण्यात शिजवलेली मेथी. आई आधी हसली, मग रडकुंडीला आली. बाबा रोज संध्याकाळी माझ्यासाठी बाजूला काढलेली कांद्याच्या भज्यांची पुडी आणायचे, ती तशीच पडलेली बघायचे आणि गाईला घालायचे. ज्या माणसाच्या हातचे भजे खायला अख्खी शाळा धावते, त्याची पोरगी त्याच्या हातचं खात नव्हती.

त्यातच मुख्याध्यापकांनी बाबांना बोलावून घेतलं. नालीची गोष्ट पोरांनी घरोघरी नेली होती, दोन-तीन पालक येऊन बोलून गेले होते. पुढच्या सोमवारपासून गाडी फाटकासमोर नको, असं त्यांनी सांगितलं. फाटक सुटलं तर गाडीला दुसरी जागा नव्हती. स्टेशनकडे आधीच गाड्यांची रांग, बाजारात उभं राहू देत नाहीत. आमचं घर त्या फाटकावर चालायचं.

आणि दुसऱ्याच दिवशी खो-खोच्या सरावात खांबाला वळसा घालताना माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी धाडकन बसले. सर धावत आले. पाणी पाजलं, गूळ खायला दिला आणि अर्थातच विचारलं, 'सकाळी काय खाल्लं?' मी मोठ्या तोऱ्यात सगळं सांगितलं. मला वाटलं शाबासकी मिळेल. सर माझ्या शेजारी मातीत खाली बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं.

'तुले कोन सांगतलं पोरी तेल सोडाले?'

'तुमीच ना सर.'

ते मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून घरी घेऊन आले. बाबा अंगणात कांदे चिरत होते. सरांना बघून उठले, खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग जे साठलं होतं ते बाहेर पडलं. आवाज चढवला नाही, म्हणून जास्त लागलं.

'सर, तुमी वर्गात एक तास बोल्ले, अन् माही पोट्टी उपाशी राहून राह्यली. वरून सोमवारपासून गाडी उठून राह्यली. आता तुमीच सांगा, मी काय करू?'

मला वाटलं सर आता आम्लं आणि रेणू काढतील. त्यांनी हात जोडले.

'भाऊ, चूक माही हाय. मी अर्धच शिकवलं. काय सोडाचं ते सांगतलं, काय धराचं ते सांगाचं राहून गेलं.'

मग त्यांनी आईकडे भाकर मागितली. तिच्यावर जवसाची चटणी घातली, मध्ये खळगा करून कच्चं फल्लीचं तेल ओतलं आणि ताट माझ्यापुढे ठेवलं. वाढत्या अंगाला चरबी लागते, मेंदूला लागते, नसांना लागते, गाजरातलं डोळ्यांचं सत्त्व तेलाशिवाय अंगी लागत नाही, हे सगळं मला एका दमात ऐकवलं. गाल आत गेले म्हणजे तब्येत झाली असं समजणाऱ्या मुलींची त्यांनी जी नक्कल केली, तिला आईसुद्धा हसली. मी भाकर खाल्ली. जवसाची चटणी इतकी चांगली लागते हे मला त्या दिवशी कळलं, नाहीतर तोवर ती म्हाताऱ्यांची वस्तू वाटायची.

तिथून सर थेट मुख्याध्यापकांच्या घरी गेले. गाडी हटवली तर पोरं रुळांपलीकडे जाऊन पाकिटातलं काहीबाही खातील, ते याहून वाईट. गाडी राहू द्या, तेल बदलेल, जबाबदारी माझी, असं त्यांनी सांगितलं. मुख्याध्यापक म्हणाले, तेल रोज नवं दिसलं तर गाडी राहील. एवढं कबूल करून घेऊन सर आनंदाने परत आले, आणि इथे बाबा अडून बसले.

कढई रिकामी होणार नाही, बाबा म्हणाले. गाडी गेली तरी चालेल. कढई रिकामी पडली की घर रिकामं पडतं, हे बापाचं बोलणं होतं आणि ते मोडायची बाबांची तयारी नव्हती. मी रडले, आई बोलली, सरांनी मात्र वाद घातला नाही. मला त्यांचा राग आला. एवढं ज्ञान आहे तर सांगा ना बाबांना की असं काही नसतं, असं मी म्हटलं. सर म्हणाले, असतं. ज्या घरात रोज कढई चढते त्या घरात असतं.

रविवारी दुपारी ते आले तेव्हा सायकलच्या कॅरिअरला एक पोतडी बांधलेली होती. अंगणात येऊन बाबांच्या शेजारी बसले.

'भाऊ, तुमच्या वडलांनी नेमकं काय सांगतलं होतं? तेल ठेव म्हनले, का रिकामी ठेवू नको म्हनले?'

बाबांनी कढईकडे बघितलं. आजोबांचा आवाज आठवत असावेत.

'रिकामी ठेवू नको म्हनले.'

सरांनी पोतडीची गाठ सोडली. आत सोललेले फल्लीचे दाणे होते, गुलाबी, टपोरे. 'मंग यानं भरा,' म्हणाले. 'रातभर भरलेली राहीन. सकाळी हे दाणे काढा, मीठ लावून भाजा, अन् गाडीवर विकाले ठेवा. पोट्टे रोज खातीन ते हे. भजे बी राहू द्या, पन रोज नव्या तेलातले.'

बाबा हसले. महिनाभरात पहिल्यांदा हसले. मग उठले आणि दोन्ही कान धरून ती कढई उचलली. तेल डब्यात ओतलं आणि शेवटचा थेंब निथळेपर्यंत ती तिरपी धरून ठेवली. ते तेल कोपऱ्यावरच्या लोहाराने विळ्यांना पाणी द्यायला, म्हणजे तापलेले विळे त्यात बुडवून धार टणक करायला नेलं. आईने पदर खोचला आणि राख घेऊन कढई घासायला बसली. या घरात लग्न होऊन आल्यापासून हिचं बूड बघायचं राहिलं होतं, म्हणाली. थरावर थर निघाले. खालून लोखंड चकाकायला लागलं तेव्हा आम्ही सगळे वाकून बघत होतो. पुसून झाल्याबरोबर बाबांनी ओंजळीने दाणे भरले, एक क्षणही न घालवता, आणि पहिली ओंजळ टाकताना डोळे मिटून काहीतरी पुटपुटले.

सोमवारी मुख्याध्यापक आले, कढईतलं स्वच्छ तेल बघितलं, मूठभर दाणे तोंडात टाकले आणि निघून गेले. गाडी राहिली. आम्ही जिंकलो असं मला वाटलं. पण मधली सुट्टी झाली आणि पोरांनी भजे बघितले. नव्या तेलातले भजे पिवळे दिसत होते. कच्चे आहेत, आजारी आहेत, असं म्हणत पोरं परत गेली. दाणे थोडे खपले, भजे परातीत पडून राहिले. मंगळवारी तेच. संध्याकाळी बाबांनी उरलेले भजे गाईला घातले. बुधवारी सकाळी गाडी काढताना एवढंच म्हणाले की आजचा दिवस बघतो, उद्यापासून जुनं ते जुनं. मग मुख्याध्यापक गाडी उठवतील, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

सरांना हे मी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती, शिक्षकांच्या खोलीच्या खिडकीतून गाडी दिसायची.

मधल्या सुट्टीत सर मैदान ओलांडून आले. शनिवारशिवाय बोंड्याला हात न लावणारा माणूस गाडीच्या दिशेने येतोय हे पोरांच्या लक्षात आलं आणि खेळ थांबले. कोणीतरी धीर करून म्हणालं, 'सर, आज बुधवार हाय.' सर म्हणाले, माहीत आहे. त्यांनी बाबांना नमस्कार केला, एक बोंडा मागितला, फाटकाजवळच्या दगडावर मांडी घातली आणि डोळे मिटून तो खाल्ला. शाळा बघत होती. मग एक भजा घेऊन दोन कागदांत दाबला, कागद उन्हात धरला आणि शेजारच्या मुलाच्या हातात दिला. कागदावर डाग होता, पण फिका. तो कागद हातोहात फिरला. आमच्या वर्गातली एक मुलगी पुढे झाली, मग दोघी आल्या, मग झुंबड उडाली. पिवळा भजा कुरकुरीत असतो आणि त्यात कांद्याची चव कळते, जळकी नाही, हे पोरांना तेव्हा कळलं. दाणेही संपले. सर गर्दीतून निसटून आपल्या सायकलजवळ गेले, आणि मी पाहिलं, ते पाठमोरे उभे राहून बोटं चाटत होते.

सर पुढे निवृत्त झाले आणि उंद्रीला गेले. मी बँकेत लागले, बुलडाण्याला आले, आता माझी मुलगी नववीत आहे. हॉटेलात गेलं की मी आत जाऊन तेल विचारून येते आणि नवरा तोवर भिंतीवरची पाटी वाचत बसतो. सरांना फोन केला की पलीकडून आधी प्रश्न येतो, मग 'कोण?' येतं. पण मला ते आठवतात ते त्या बुधवारचेच.

गर्दी ओसरली तेव्हा परातीत थोडे भजे उरले होते. मी फाटकाजवळ उभी होते. बाबांनी ते कागदावर घेतले, झाऱ्याच्या टोकाने नीट मांडले आणि माझ्यापुढे धरले. मी एक उचलला, खाल्ला. गरम होता, जीभ भाजली, तरी तो संपवला.

बाबांनी आजवर कोणत्या गिऱ्हाइकाला विचारलं नसेल ते मला विचारलं.

'कसा झाला वं?'

मी नुसता हात पुढे केला, अजून एक द्या म्हणून. बाबांनी तिकडे तोंड फिरवून बाहीने डोळे पुसले, धुराचं निमित्त करून. आणि मागून, सायकलवर टांग टाकता टाकता, सरांचा आवाज आला.

'द्या द्या. आज पोरगी बापाच्या हातचं खाऊन राह्यली, आज मोजू नका.'